वाचनालयातल्या पब्लिक कॉम्प्युटरचं नेट नवीन फायबर घेतल्यापासून बिघडलंय, सेटिंग काय ठेवायची?

राजवाड्याजवळचा_वाचक
नमस्कार मंडळी. इंदूरला राजवाड्याच्या मागच्या गल्लीत आमचं छोटं मराठी वाचनालय आहे, तिथे येणाऱ्यांसाठी दोन कॉम्प्युटर फुकट वापरायला ठेवलेत, विंडोज ११ प्रो. ज्येष्ठ मंडळी समग्र आयडीचं (मध्य प्रदेश सरकारच्या ओळख क्रमांकाचं) काम, पेन्शनची स्लिप वगैरे काढतात, पोरं परीक्षेचे फॉर्म भरतात. दिवाळीनंतर जुनं कनेक्शन काढून फायबर घेतलं, नवीन राउटर बसला आणि तेव्हापासून पहिल्या मशीनवर नेटच नाही. केबल लावलेली, मागचा दिवा लुकलुकतोय, पण एकही पान उघडत नाही. दुसऱ्यावर नेट आहे पण रोज सकाळी कोणतीही साइट उघडली की लाल खूण आणि 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही'. नेटवाल्या पोराला बोलावलं तर तो म्हणतो मोबाईलवर चालतंय ना मग आमच्याकडून ओके आहे. सुदामानगरहून एक आजोबा तीनदा खेपा मारून गेले, शेवटी बाहेर दुकानात पैसे देऊन काम केलं त्यांनी, मला फार वाईट वाटलं. वरून जो येतो तो सेटिंगमध्ये जाऊन काहीतरी दाबून बघतो. मी रिटायर्ड मास्तर आहे, कोणी समजेल असं सांगेल का?

लॅनकेबल
काका, दोन मशीनचे दोन वेगळे रोग वाटतायत. पहिल्यासाठी सेटिंग्जमध्ये नेटवर्क, त्यात इथरनेट उघडा आणि 'आयपी असाइनमेंट' (मशीनला नेटवर्कवरचा पत्ता कसा मिळतो ते) समोर काय लिहिलंय ते बघा. 'मॅन्युअल' असेल तर तोच घोळ. जुन्या कनेक्शनच्या वेळी कोणीतरी हाताने पत्ता टाकून ठेवला असणार, उदाहरणार्थ १९२.१६८.०.१०, आणि नवीन राउटर १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते देत असेल. म्हणजे घर बदललं पण पाटी जुन्या गल्लीचीच. केबल, दिवा सगळं ठीक दिसतं पण मशीन बाहेर जायचं दार जुन्या नंबरवर शोधत बसतं. तिथे एडिट दाबून 'ऑटोमॅटिक (डीएचसीपी)' करा, सेव्ह करा. त्यानंतर जर पत्ता १६९.२५४ ने सुरू झालेला दिसला तर समजा राउटरकडून पत्ता मिळालाच नाही, मग केबल नाहीतर राउटरचं पोर्ट बदलून बघा. मशीनचा पत्ता कायम एकच हवा असेल तरी तो मशीनवर टाकू नका, राउटरमध्ये त्या मशीनच्या नावे राखून ठेवता येतो, मग पुढे राउटर बदलला तरी मशीनला हात लावावा लागत नाही.

दुसऱ्या मशीनचं, उद्या सकाळी चालू केल्या केल्या उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा आणि इथे सांगा. वाचनालय बंद करताना मेन स्विच बंद करता का?

राजवाड्याजवळचा_वाचक
हो, रात्री मेन बंद करूनच कुलूप लावतो, शॉर्टसर्किटची भीती. आज सकाळी बघितलं तर तारीख १ जानेवारी आणि सालही कितीतरी मागचं! आणि पहिल्या मशीनवर खरंच मॅन्युअल होतं हो, तुम्ही लिहिलेलाच ०.१० नंबर, ऑटोमॅटिक केलं आणि एका मिनिटात नेट सुरू. काउंटरवरच्या ताईंनी टाळ्या वाजवल्या.

लॅनकेबल
मस्त. दुसऱ्याच्या मदरबोर्डवरचा सेल संपलाय, रुपयाच्या नाण्याएवढा असतो, त्यावर सीआर २०३२ लिहिलेलं असतं, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. मेन बंद झाला की घड्याळ त्या सेलवर चालतं, सेल गेला की तारीख मागे जाते, आणि साइटच्या सर्टिफिकेटची (साइट खरी असल्याच्या दाखल्याची) मुदत त्या तारखेत बसत नाही म्हणून ब्राउझर घाबरवतो. नेट असलं तरी फरक १५ तासांहून मोठा असेल तर विंडोज साधारणपणे आपोआप वेळ सुधारत नाही, म्हणून रोज तेच. सेल बदलेपर्यंत सकाळी तारीख हाताने लावा. ती लाल सूचना आली की 'तरीही पुढे जा' दाबायची सवय मात्र कोणालाही लागू देऊ नका, आपल्या ज्येष्ठांना तर अजिबात नाही, उद्या खरोखर खोटी साइट आली तर हीच सूचना त्यांना वाचवणार आहे.

रामबागची_ताई
काका, मी बरीच वर्षं सायबर कॅफे चालवलाय म्हणून पोटतिडकीने लिहितेय. नेट सुरू झालं म्हणजे काम संपलं नाही. लोक कोणत्या अकाउंटवर बसतात? तुमच्याच अ‍ॅडमिन अकाउंटवर बसत असतील तर आजच थांबवा. साधं स्टँडर्ड अकाउंट केलंत की आयपी, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) कोणाला बदलता येत नाही, पासवर्ड मागतं. पण प्रॉक्सी (ब्राउझर कोणत्या मधल्या मशीनमार्फत नेटवर जाईल ती सेटिंग) साधा युजरही बदलू शकतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, कोणी तिथे काहीबाही भरून गेलं की फक्त ब्राउझर बंद पडतो आणि तुम्ही केबल तपासत बसता.

तुमच्याकडे प्रो आहे ना, मग सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, अदर यूजर्स, तिथे किऑस्क आहे. एज ब्राउझर निवडा आणि 'पब्लिक ब्राउझर' वाला प्रकार घ्या. मग स्क्रीनवर फक्त ब्राउझर, सेटिंग्ज दिसतच नाहीत, वर 'एंड सेशन' बटन असतं आणि कोणी तसंच उठून गेलं तर ५ मिनिटांनी आपोआप सगळं पुसलं जातं. मी १० मिनिटं ठेवायचे, कारण आजी पिशवीतून आधार कार्ड शोधेपर्यंत भरलेला फॉर्म जायचा आणि बिचाऱ्या रडवेल्या व्हायच्या. तुम्हाला बाहेर यायचं असेल तर कंट्रोल ऑल्ट डिलीट. आमच्याकडे हे करायच्या आधी एका काकूंचं जीमेल उघडं राहिलं, पुढच्या पोराने त्यातून भलतेच मेल पाठवले, काकूंनी परत कधी कॉम्प्युटरला हात लावला नाही. ते मला अजून टोचतं.

राउटरचा स्टिकरवरचा पासवर्ड बदला आणि राउटर काउंटरच्या आत ठेवा. राउटरमध्येच डीएनएस १.१.१.३ आणि दुसरा १.०.०.३ टाका (इंग्रजी आकड्यांत), क्लाउडफ्लेअर कंपनीचा फुकट आहे, अश्लील आणि व्हायरसवाल्या साइट बऱ्याच अडवतो. ब्राउझरमधलं 'सिक्युअर डीएनएस' मात्र बंद करायला लागतं नाहीतर तो राउटरला वळसा घालून जाऊ शकतो. वाचकांच्या मोबाईलना गेस्ट वायफाय (पाहुण्यांसाठीचं वेगळं) द्या, वाचनालयाचं मुख्य नको. सभासदांची यादी असलेल्या काउंटरच्या मशीनवर नेटवर्क प्रोफाइल 'पब्लिक' ठेवा म्हणजे बाकीच्यांना ते सहज दिसत नाही.

बडोद्याहून
आमच्या दांडिया बाजारकडच्या वाचनालयात असाच सेटअप आहे, ताईंशी सहमत. एक भर, सायबर कॅफेसाठी २०११ चे केंद्राचे नियम आहेत, ओळखपत्र बघायचं, नोंद निदान एक वर्ष ठेवायची, केबिन नसेल तर स्क्रीन मोकळ्या जागेकडे तोंड करून. तुमचं फुकट आहे, धंदा नाही, तरी नाव आणि वेळेची वही ठेवा, आम्ही ठेवतो आणि एकदा उपयोगी पडली. पण स्क्रीन सगळ्यांना दिसेल अशी ठेवलीत तर मंडळींना सांगा की बँकेचा पासवर्ड इथे टाकू नका.

राजवाड्याजवळचा_वाचक
सेल बदलला, ४० रुपये. आज सकाळी तारीख बरोबर होती! किऑस्क एका मशीनवर केलं, भाच्याने मदत केली. पण आता प्रिंटर ऑफलाइन दाखवतो, वायफायवाला आहे, त्याचंही काही असेल का?

लॅनकेबल
तोच जुना पत्ता, काका. प्रिंटरच्या मेनूत नेटवर्कमध्ये जाऊन त्यालाही ऑटोमॅटिक करा, मग मशीनमधून काढून परत जोडा. आणि तो गेस्ट वायफायवर जोडू नका, तिथून कॉम्प्युटरना बहुतेक सापडणार नाही. जमत नसेल तर सरळ यूएसबी केबलने लावा.

राजवाड्याजवळचा_वाचक
यूएसबीने लावला, चालतोय. आजोबांना फोन केलाय, गुरुवारी येतायत.