अनंताची पाने पिवळी का पडतात?

सुनीता (बी-३०२): नमस्कार. गच्चीवरच्या दोन्ही अनंतांची कोवळी पाने पिवळी पडत आहेत, शिरा मात्र हिरव्याच आहेत. दर पंधरा दिवसांनी शेणखत घालूनही फरक पडलेला नाही. खत कमी पडत असेल का?

काका (ए-१०४): सुनीताताई, काही दिवस खत बंदच ठेवा. शेंड्याची पाने अशी जाळीदार पिवळी दिसणे हे बहुधा लोहाच्या कमतरतेचे लक्षण असते. लोह मातीत असते, पण सामू (pH, म्हणजे माती किती आम्ल आहे याचे माप; आकडा जितका कमी तितकी माती जास्त आम्ल) ७ च्या वर गेला की मुळांना ते घेता येत नाही. अनंत, एक्झोरा आणि अझेलिया यांना ५ ते ६ च्या आसपासचा सामू मानवतो. कुंडीच्या काठावर पांढरा थर असल्यास त्यावर व्हिनेगरचा थेंब टाकून पाहा.

सुनीता: टाकला. लगेच बारीक फेस आला.

काका: म्हणजे तो चुन्याचा थर आहे आणि तो आपल्या बोअरच्या जड पाण्यातूनच आला आहे. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात आणि पाण्यातील बायकार्बोनेट मातीची आम्लता रोज थोडी थोडी मारत राहते. त्यामुळे माती बदलून पाणी तेच दिले, तर हा त्रास पुन्हा होणारच.

रोहन (सी-२०१): आमच्या आरओचे वाया जाणारे पाणी मी रोज बादलीभर देऊ शकतो.

काका: देऊ केलेत हे चांगलेच, पण ते पाणी नको, गाळून वेगळे काढलेले क्षार त्यातच एकवटलेले असतात. पावसाचे पाणी सर्वांत उत्तम.

मीना (बी-१०३): मातीत गंधकाची भुकटी मिसळली तर?

काका: चालेल, पण धीर हवा. मातीतील जिवाणू गंधकाचे आम्लात रूपांतर करतात आणि त्याला ऊब, ओलावा व काही आठवडे, कधी महिनेही लागतात. तोवर चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेले लोह द्यावे. मात्र पाकिटावर ईडीडीएचए (EDDHA) हा प्रकार लिहिला आहे ना, ते पाहावे, कारण स्वस्त ईडीटीए (EDTA) प्रकार अशा मातीत टिकत नाही.

सुनीता: मग गच्चीच्या पन्हाळीखाली एक पिंप ठेवण्याची परवानगी मिळेल का?

सचिव: हरकत नाही. डास होऊ नयेत म्हणून पिंपावर घट्ट झाकण असावे आणि पहिल्या पावसाचे गच्ची धुऊन येणारे पाणी त्यात घेऊ नये.