सुट्या पार्टची दुकानं बंद होतायत : छंदासाठी घरचा साठा कसा उभा करायचा?

कोयनाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या गावात सुटे इलेक्ट्रॉनिक पार्ट ठेवणारं एकच दुकान उरलं होतं. आता तिथे मोबाइलची कव्हरं, चार्जर, सीसीटीव्हीची वायर आणि रिमोट मिळतात. रजिस्टन्स, कंडेन्सर, आयसी बेस (आयसी खोचायचं सॉकेट) वगैरे माल त्यांनी काढून टाकला. शाळेतल्या आठवी-नववीच्या १५ मुलांचा गट चालवायचा आहे. २ रुपयांच्या पार्टसाठी ६०-८० रुपये कुरियर दर वेळी परवडत नाही, आणि एक ट्रान्झिस्टर जळला की आठवडाभर काम अडतं.

वर्षभर पुरेल असा साठा एकदाच करायचा तर नेमका कशाचा आणि किती? ऑनलाइन मागवताना कुठे फसायला होतं? नकली माल घरच्या मीटरवर ओळखता येतो का? आणि जुन्या प्रात्यक्षिकाच्या वह्यांमध्ये एसएल १००, एसके १००, ओए ७९ असे पार्ट लिहिलेले आहेत, त्यांचं काय करायचं?

डागकाम

आधी दुकान का बंद पडतं ते बघा, साठ्याचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

पार्टच्या दुकानाचं खरं गिऱ्हाईक म्हणजे टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारे मेकॅनिक. पिक्चर ट्यूबचा टीव्ही आला की बीयू ५०८ सारखा हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर, ईएचटी (पिक्चर ट्यूबला हाय व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर), दोन-चार कंडेन्सर, एखादा फ्यूजिबल रजिस्टन्स असं काहीतरी लागायचंच. त्या विक्रीवर दुकान चालायचं, आणि त्याच्याच आधाराने एक प्रीसेट (स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचा छोटा रजिस्टन्स) मागायला आलेल्या मुलाचीही सोय व्हायची. एलईडी टीव्हीत बॅकलाइटच्या पट्ट्या बदलतात, नाहीतर अख्खा बोर्ड. त्यात सुट्या पार्टचं काम फारच थोडं उरतं.

दुसरं, अडकून पडणारा माल. १० ओमपासून १ मेगओमपर्यंत ई-१२ मालिकेत (दर दहापटीत १२ ठरावीक व्हॅल्यू) ६१ व्हॅल्यू येतात. पाव, अर्धा, एक आणि पाच वॅट धरले तर नुसत्या रजिस्टन्सचे २४४ कप्पे झाले. त्यातले वीस-पंचवीस रोज हलतात, बाकीचे वर्षानुवर्षं पडून राहतात. पण ते ठेवले नाहीत तर त्याला पार्टचं दुकान म्हणता येत नाही. भाडं मात्र सगळ्या कप्प्यांचं भरावं लागतं. त्यात विद्यार्थी मॉड्यूलकडे वळले. बक कन्व्हर्टरचं (व्होल्टेज उतरवणाऱ्या सर्किटचं) तयार मॉड्यूल त्यातल्या सुट्या पार्टच्या बेरजेपेक्षा स्वस्त पडतं, मग सुटे पार्ट कोण घेणार?

माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान मालाचं नाहीच. गल्ल्यावरचा माणूस सांगायचा, “हा नाही, त्याऐवजी हा घ्या, पण पाय उलटे आहेत.” ते ज्ञान कुठल्याही वेबसाइटच्या शोधपट्टीत नाही. म्हणून साठ्याबरोबर पर्यायी पार्टची एक वही ठेवाच. तुमच्या यादीपासूनच सुरुवात करा :

एसएल १०० हा धातूच्या टोपीतला एनपीएन ट्रान्झिस्टर, एसके १०० हा त्याचा उलट्या ध्रुवतेचा जोडीदार, पीएनपी. प्रात्यक्षिकांसाठी त्यांच्या जागी बीडी १३९ आणि बीडी १४० चालतात. एसएल १०० च्या टोपीच्या कडेला जी टिकली असते तिच्या शेजारचा पाय एमिटर, आणि टोपी आतून कलेक्टरला जोडलेली असते. बीडी १३९ ची छापील बाजू आपल्याकडे, पाय खाली धरले तर डावीकडून एमिटर, कलेक्टर, बेस. कलेक्टर मध्ये आहे, इथेच मुलं चुकतात.

ओए ७९ हा जर्मेनियमचा डिटेक्टर डायोड. रेडिओसाठी त्याच्या जागी बीएटी ८५ हा शॉट्की (कमी व्होल्टेजवर चालू होणारा डायोड) टाका. १एन ५८१९ सुद्धा शॉट्कीच आहे, पण तो टाकू नका. त्याची कपॅसिटन्स शंभर पिकोफॅरडच्या घरात असते, ट्यूनिंग सरकतं आणि स्टेशन दबतं. १एन ४१४८ ला सुमारे ०.६ व्होल्ट लागतात, बिनबॅटरीच्या रेडिओत तेवढा सिग्नलच नसतो.

एसी १२७, एसी १२८ या जर्मेनियम ट्रान्झिस्टरांच्या सर्किटमध्ये मात्र सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर तसाच बसवून भागणार नाही. जर्मेनियमचं बायस, म्हणजे ट्रान्झिस्टर चालू ठेवायला बेसला द्यायचं व्होल्टेज, ०.२ ते ०.३ व्होल्टचं असतं, सिलिकॉनला ०.६ ते ०.७ लागतं, त्यामुळे बायसचे रजिस्टन्स नव्याने काढावे लागतात. अशी सर्किटं सरळ सोडून द्या.

बेस_कलेक्टर

१५ मुलांचा गट धरून साठा सांगतो.

रजिस्टन्स पाव वॅट, १ टक्का, मेटल फिल्म. ६१ व्हॅल्यूंचे प्रत्येकी २० म्हणजे १,२२० नग. त्यावर २२० ओम, ३३० ओम, १ के, ४.७ के, १० के, १०० के हे प्रत्येकी १०० जास्तीचे; ७० टक्के काम या सहांवरच होतं. एक धोका लक्षात ठेवा. मेटल फिल्मवर पाच पट्टे असतात आणि निळ्या अंगावर लाल आणि तपकिरी वेगळे दिसत नाहीत. १ के म्हणजे तपकिरी-काळा-काळा-तपकिरी-तपकिरी. हाच उलटा धरून वाचला तर ११० ओम होतो. १० के उलटा वाचला तर १२० ओम. या दोन्हींतून गोंधळ होतोच होतो, म्हणून मुलांना सर्किटमध्ये लावण्याआधी मीटर लावायची सवय लावा.

कंडेन्सरमध्ये १०४ लिहिलेला सिरॅमिक, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचा, २०० नग. प्रत्येक आयसीच्या सप्लायच्या पायांशी एक लागतो. तो गाळला की ५५५ मुळे शेजारचा ४०१७ उगाच मोजत सुटतो. २२ पिकोफॅरड, १०२ आणि १०३ प्रत्येकी ५०. इलेक्ट्रोलिटिक १, १०, ४७, १००, ४७० आणि १,००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचे, प्रत्येकी २० आणि त्याहून जास्त नाही. ते कोरडे पडत जातात, म्हणून साठवण्याचा माल नव्हे. ८५ अंशांचे टाळून १०५ अंशांचे घ्या.

सेमीकंडक्टरमध्ये ट्रान्झिस्टर बीसी ५४७ बी आणि बीसी ५५७ बी प्रत्येकी १००, बीडी १३९ आणि १४० प्रत्येकी २०, डायोड १एन ४००७ आणि १एन ४१४८ प्रत्येकी १००, १एन ५८१९ पंचवीस, मोसफेट (मोटरसारखा भार चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) आयआरएलझेड ४४एन दहा. आयसींमध्ये एनई ५५५ तीस, एलएम ३५८ वीस, सीडी ४०१७ पंधरा, यूएलएन २००३ पाच, ७८०५ दहा, एलएम ३१७ दहा. ८, १४ आणि १६ पायांचे आयसी बेस प्रत्येकी ३०. आयसी थेट डागू देऊ नका, काढताना पीसीबीचा पट्टा उचकटतो.

१एन ४००७ सगळीकडे वापरायचा मोह होतो. घरच्या विजेच्या ५० हर्ट्झला तो उत्तम. बक कन्व्हर्टरमध्ये टाकलात तर मंद असल्याने वेळेत बंद होत नाही आणि तापून जातो. तिथे १एन ५८१९.

मोसफेट आयआरएफझेड ४४एन न घेता आयआरएल का, तर पहिल्याचा उघडल्यावरचा रजिस्टन्स गेटला (चालू-बंद करणाऱ्या पायाला) १० व्होल्ट धरून सांगितलेला असतो. आर्डुइनोच्या ५ व्होल्टवर तो अर्धवट उघडतो, मोटर फिरते खरी पण मोसफेट भाजतो.

डागासाठी ६०/४० चं ०.८ मिमी सोल्डर पाव किलो. शिसं आहे, हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा.

जुनापाना

नकली मालाचं सांगतो. नवाकोरा पूर्ण खोटा पार्ट क्वचितच येतो. जास्त करून हलका पार्ट घासून, वर काळा थर देऊन, भारी नंबर छापलेला असतो. कापसाच्या बोळ्यावर ॲसिटोन घेऊन आयसीच्या पाठीवर जोर देऊन पुसा. काळा थर बोळ्यावर आला आणि खाली घासल्याच्या रेघा दिसल्या तर तो पार्ट परत करा. नेलपॉलिश रिमूव्हरच्या सगळ्याच बाटल्यांत ॲसिटोन नसतं, लेबल वाचून घ्या. मात्र नुसती शाई पुसली गेली म्हणून माल खोटा ठरत नाही, जुन्या खऱ्या मालावरही शाईच असायची.

७८०५ ची परीक्षा : इनपुटला ९ व्होल्ट, आउटपुटला १० ओम ५ वॅटचा रजिस्टन्स. अर्धा अँपिअर जातो आणि आयसीत २ वॅट उष्णता होते, तेव्हा हीटसिंक लावूनच. पाच मिनिटांनी आउटपुट ४.८ ते ५.२ व्होल्टमध्ये असला पाहिजे. खाली घसरत गेला तर आतली सिलिकॉनची चकती छोटी आहे. रजिस्टन्सही चटका देईल एवढा तापतो, हात लावू नका.

मोसफेटची परीक्षा : स्कूटरच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब ड्रेनला, सोर्स निगेटिव्हला, गेटला ५ व्होल्ट. साधारण पावणेदोन अँपिअर जातो. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून ड्रेन-सोर्सच्या पायांवर, अगदी मुळाशी मोजा. खरा आयआरएलझेड ४४एन ४५ मिलिव्होल्टच्या आसपास दाखवतो. शंभरच्या पुढे गेला तर बाजूला काढा. क्लिपच्या टोकाला मोजलंत तर वायरचाच ड्रॉप मोजला जाईल आणि खरा पार्ट खोटा ठरवाल.

एलएम २५९६ या बक कन्व्हर्टर आयसीची निळी मॉड्यूल घेणार असाल तर हे माहीत असू द्या : खरा आयसी १५० किलोहर्ट्झला चालतो, नकली बऱ्याचदा ५० किलोहर्ट्झच्या आसपास. मॉड्यूलवरची कॉइल १५० ला बेतलेली असते, त्यामुळे ती तापते आणि आउटपुटवर रिपल (व्होल्टेजची थरथर) वाढतो. छापील ३ अँपिअर विसरून १ अँपिअरपर्यंतच वापरा.

पडून राहिलेले इलेक्ट्रोलिटिक : १० के रजिस्टन्समधून छापील व्होल्टेज द्या, अर्धा तास ठेवा, मग रजिस्टन्सवरचा व्होल्टेज मोजा. १०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा चांगला कंडेन्सर पाव व्होल्टच्या आत येतो, म्हणजे गळती २५ मायक्रोअँपिअरच्या आत. १ व्होल्टवरच अडकला तर फेका. प्लस-मायनस उलट झालं तर फुटतो, चष्मा लावूनच.

कोयनाकाठ

मनापासून आभार. दोन शंका. बीसी ५४७ संपला तर २एन ३९०४ चालेल का? आणि मुंबई-पुण्याहून एकदम माल आणायचा तर यादी कशी करावी?

डागकाम

चालेल, पण फिरवून. सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली : बीसी ५४७ चा क्रम कलेक्टर-बेस-एमिटर, २एन ३९०४ आणि एस ८०५० चा एमिटर-बेस-कलेक्टर. न फिरवता लावला तर सर्किट पूर्ण बंद पडत नाही, हीच अडचण. उलटा ट्रान्झिस्टरही थोडा गेन (सिग्नलची वाढ) देतो, एलईडी मिणमिणतो आणि चूक दुसरीकडेच शोधली जाते. ६ व्होल्टच्या वर तर बेस-एमिटर जंक्शन उलटं फुटतं आणि पार्ट कायमचा बिघडतो.

यादीबद्दल. मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. दोन्हीकडे रविवार टाळा. एका दुकानात सगळं मिळेल असं धरू नका : सेमीकंडक्टर, ट्रान्सफॉर्मर, कनेक्टर आणि कॅबिनेट यांची दुकानं वेगळी, म्हणून याद्याही वेगळ्या करा. प्रत्येक ओळीत नंबर, पॅकेज (पार्टचं बाहेरचं अंग), व्होल्टेज आणि नग हे चारही हवेत. नुसतं “४७० चा कंडेन्सर” लिहिलं तर समोरून “किती व्होल्ट?” येणारच. ट्रान्सफॉर्मरला १२-० की १२-०-१२ आणि किती अँपिअर हे लिहा. ट्रान्झिस्टरला दुसरी पसंतीही लिहून ठेवा आणि पायांचा क्रम शेजारी काढा.

ऑनलाइनला एक चूक फार होते. एनई ५५५ पी म्हणजे डिप (भोकांत बसणाऱ्या लांब पायांचा), एनई ५५५ डी म्हणजे एसओआयसी (बोर्डच्या पृष्ठभागावर डागायचा छोटा). एलएम ३५८ चंही तसंच. बीसी ८४७ म्हणजे ५४७ चा तांदळाएवढा भाऊ, ब्रेडबोर्डवर बसत नाही. एसओआयसी आयसी चुकून आलाच तर १.२७ मिमीचा अडॅप्टर बोर्ड घ्या : एका कोपऱ्याच्या पॅडवर आधी डाग, आयसी सरळ करून तो पाय टेकवा, समोरचा कोपरा डागा, मग फ्लक्स (डाग नीट धरायला लावायचं द्रव्य) लावून बाकीचे.

दर्याकिनारा

कोकणातली एक भर, कोयनेकडच्या पावसातही लागू पडेल. खाऱ्या-दमट हवेत पार्टचे पाय काळे पडतात, सोल्डर गोळा होऊन ओघळतं आणि कच्चा डाग राहतो. झिपची पिशवी, आत सिलिका जेलची पुडी, आणि ती पिशवी झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात. काळ्या पायांवरून ब्लेडची पाठ दोनदा ओढा, फ्लक्स लावा, मगच डागा. ४०१७ सारखे सीमॉस (स्थिर विजेने बिघडणारे) आयसी थर्मोकोलमध्ये खोचू नका, काळ्या अँटिस्टॅटिक फोममध्येच ठेवा.

ब्रेडबोर्डच्या पत्र्यालाही हाच त्रास होतो. जूनच्या आधी सगळे बोर्ड डब्यात बंद करा, आणि ऑक्टोबरमध्ये काढल्यावर प्रत्येक ओळीत दोन टोकांना जंपर खोचून मीटरने तपासा. १ ओमच्या वर दाखवणाऱ्या ओळीवर मार्करने फुली मारा.