मूरिंग लाइनचं (नांगराच्या साखळीचं) टेन्शन कमी दिसतंय, सेन्सर गंडलाय की अँकर सरकलाय?

नॉर्थ सीमध्ये सेमीसबवर (अर्धवट बुडालेल्या तरंगत्या प्लॅटफॉर्मवर) आहे, 8 चेन, कॅटेनरी मूरिंग (चेन स्वतःच्या वजनाने झोळासारखी लोंबते). एका लाइनचा लोड सेल (ताण मोजणारा सेन्सर) हळूहळू कमी टेन्शन दाखवतोय, शेजारच्या लाइन नॉर्मल. केबल, चॅनल बदलून पाहिलं, फरक नाही. फेअरलीडखालच्या (चेन प्लॅटफॉर्मवरून जिथून खाली उतरते त्या पुलीखालच्या) इन्क्लिनोमीटरचा (कोनमापकाचा) अँगल आणि जीपीएस ऑफसेट (प्लॅटफॉर्म मूळ जागेपासून किती सरकला ते) जागेवरच आहेत, पण त्यावर विसंबायची भीती वाटते, कारण चेन तळाच्या गाळात तुटली तर उरलेली नुसत्या घर्षणावर धरून राहते आणि शांत हवेत वर काहीच कळत नाही. लाइन सैल करून झीरो चेक (ताण नसताना सेन्सर शून्य दाखवतो का) करायला परवानगी नाही, आरओव्ही (पाण्याखालचा रोबो) पुढच्या महिन्यात, आणि त्याआधी वादळ येणारच. एपीआयचा (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा) 1.67 सेफ्टी फॅक्टर (चेनची तुटण्याची ताकद भागिले टेन्शन) याच रीडिंगवर तपासतो आम्ही. लाटांमधलं टेन्शनचं वरखाली होणं शेजारच्या लाइनशी ताडून ड्रिफ्ट (सेन्सरचं रीडिंग हळूहळू चुकत जाणं) वेगळा काढता येतो का, कुणी केलंय?