समालोचन चालू असताना ती पट्टी झाकून ठेवणारं कुणी आहे का?

साखरपेठकर (सोलापूर)

मंडळी, प्रश्न जरा खुळ्यासारखा वाटेल, पण आमच्याकडं रोज संध्याकाळी यावरून वाजतं म्हणून विचारतो. बुद्धिबळाचा डाव थेट दाखवताना पटाच्या कडेला काळी-पांढरी पट्टी असते ना, इंजिन म्हणजे संगणकाच्या हिशेबानं कोण वरचढ ते दाखवणारी, ती.

मी चादरीच्या दुकानात हिशेब लिहितो. बुद्धिबळ खेळतो, पण आपलं गल्लीपुरतं. आमचे आप्पा ७८ वर्षांचे. त्यांचं आयुष्य जकार्डची कार्डं पंच करण्यात गेलं. ज्यांनी माग बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो: चादरीवरचा मोर आधी पुठ्ठ्यावर भोकं पाडून उतरवावा लागतो. एक कार्ड म्हणजे आडव्या धाग्याची एक ओळ. भोक असेल तिथला उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. अशी शेकडो कार्डं ओवली की एक मोर. आप्पा नुसतं एक कार्ड खिडकीकडं धरून सांगायचे, ही मान आहे की पिसारा.

बुद्धिबळ ते देशी शिकले. म्हणजे प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर, राजाला शह लागला नसेल तर डावात एकदा घोड्याची उडी, आणि प्यादं ज्या घरात पोचेल त्या घराचा मोहरा होणार. सगळी प्यादी उठून वजीरच का होतात, हा त्यांचा आंतरराष्ट्रीय महासंघावरचा जुना राग आहे.

गुकेश आणि डिंग लिरेनची सिंगापूरची जगज्जेतेपदाची लढत सुरू झाली आणि आप्पांना नाद लागला. दुपारी अडीचला डाव सुरू व्हायचा, मी दुकानातून अर्धवट बघायचो, ते घरी पूर्ण. १२ डिसेंबर २०२४ ला चौदावा डाव होता, गुण साडेसहा-साडेसहा. मी लवकर सुटून आलो होतो. डाव बरोबरीकडं चालला होता. पांढरी डिंगची, काळी गुकेशची. डिंगनं हत्ती सरकवला, डावीकडची पट्टी धाडकन काळी झाली आणि मी ओरडलो, "गेला!"

आप्पा म्हणाले, "काय गेलं?"

मला कुठं माहीत काय गेलं. मला पट्टी दिसली होती. आणि गंमत म्हणजे त्या क्षणी खुद्द गुकेशलाही कळलं नव्हतं, हे त्यानंच नंतर सांगितलं. थोड्या वेळानं त्याचा चेहरा बदलला तेव्हा आप्पा खुर्चीत पुढं सरकले आणि म्हणाले, "आता दिसलं त्याला." मग माझ्याकडं वळून, "तुला त्याच्या आधी दिसलं होय? तुला नाही, त्या पट्टीला दिसलं."

पुढच्या स्पर्धेच्या पहिल्याच दिवशी आप्पांनी माळ्यावरून एक जुनं कार्ड काढलं आणि टीव्हीच्या काचेवर, बरोबर पट्टीवर, चिकटपट्टीनं लावलं. तेव्हापासून ते तिथंच आहे. सून मालिका बघायला बसली की तिला नायिकेचा डावा कान दिसत नाही.

आता अडचण सांगतो. पट्टी झाकली तर डावात काय चाललंय ते मला कळत नाही. हिंदी समालोचन असलं तर आप्पा स्वतः ऐकतात. इंग्रजी असलं की मी दुभाषी. तो समालोचक ग्रँडमास्टर दहा सेकंदांत आठ चाली करून दाखवतो, बाण काढतो, सगळं परत मागं घेतो आणि हसतो. मी आप्पांना सांगतो, "घोडा इथं आला तर बरं नाही म्हणतोय." "का बरं नाही?" इथं माझं दुकान बंद.

तुम्ही लोक कसं बघता? आणि मराठीत कुणी थेट समालोचन करत असेल तर सांगा, आप्पा आशीर्वाद देतील.

---

अडीचघर

पट्टी झाकायला पुठ्ठा कशाला लागतो? लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर थेट डाव बघा, तिथं इंजिन बंद करायची सोय आहे, पैसे लागत नाहीत आणि डेटाही फार जात नाही. समालोचनाचा व्हिडिओ फोनवर नुसता ऐकायला ठेवा. मी तर समोर खरा पट मांडून चाली लावत बसतो. एका डावावर लक्ष ठेवायचं. सात-सात पट एकदम बघायला गेलात की एकही कळत नाही.

---

रात्रपाळी (चिंचवड)

मी विरुद्ध पार्टीचा. पट्टी आहे म्हणून माझ्यासारखा माणूस बघतो तरी. २०२४ ची टोरांटोची कँडिडेट्स, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा, आपल्याकडं रात्री बाराला सुरू व्हायची. मी मशिनवर. दर वीस मिनिटांनी फोन काढायचा, पट्टी बघायची, खिशात टाकायचा. शेवटच्या फेरीत गुकेशचा डाव बरोबरीत सुटला आणि मग सगळं कारुआना-नेपोम्नियाची डावावर अडकलं. १०९ चाली चालला तो. पट्टी कारुआनाकडं झुकायची, परत मधे यायची. कुणी जिंकला असता तर त्याचे आणि गुकेशचे गुण सारखे होऊन गुकेशला टायब्रेक, म्हणजे निकालासाठी जादा डाव, खेळावा लागला असता. तो बरोबरीत सुटला तेव्हा शिफ्ट सुटायची वेळ झाली होती. चाली मला एक कळली नाही, पण छातीत धडधड खरी होती. तिला काय नाव ठेवणार तुम्ही?

---

साखरपेठकर

नाव नाही ठेवत हो. आप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, मशिनवर असताना फोन काढत जाऊ नको म्हणावं, बोट जाईल.

---

शिकवणीवाली ताई (नाशिक)

साखरपेठकर, आधी तुमच्या "काय गेलं?" चं उत्तर देते, कारण आप्पांचा प्रश्न अगदी बरोबर होता.

पट मांडा. गुकेशकडं एक प्यादं जास्त होतं, पण दोघांकडं हत्ती आणि उंट असल्यामुळं डिंगला बरोबरी राखता येत होती. डिंगचा उंट पार कोपऱ्यात, ए८ वर. कोपऱ्यातल्या उंटाला एकच तिरकी वाट असते, हे लक्षात ठेवा. डिंगनं ५५ व्या चालीला हत्ती एफ२ वर आणला आणि हत्तींची मारामारी करून दिली. हत्ती गेल्यावर गुकेशनं आपला उंट डी५ वर, त्या एकुलत्या वाटेवर, राजाच्या आधारानं आणून बसवला. आता डिंगच्या उंटानं मारलं तरी उंट गेले, दुसरीकडं सरकला तरी तिथं मारला जाणार. उंट गेले की उरले फक्त राजे आणि प्यादी, आणि एक प्यादं गुकेशकडं जास्त. शेवटी दोन्ही राजे समोरासमोर आले, मधे एक घर, आणि चाल डिंगची, म्हणजे वाट त्यालाच सोडावी लागणार. तिथं त्यानं डाव सोडला. मग गुकेश रडला ते सगळ्यांनी पाहिलं.

म्हणजे "गेला" तो कोपऱ्यातला उंट. हत्ती हलायच्या आधीपासून तो तिथंच अडकून होता.

पट्टीचं म्हणाल तर ती एवढंच सांगते की दोघांनीही इंजिनासारखं खेळायचं ठरवलं तर काय होईल. तिला घड्याळ दिसत नाही. १ जून २०२५ ला नॉर्वेत स्टॅव्हँगरच्या स्पर्धेत गुकेश-कार्लसन डावात ती किती वेळ कार्लसनच्या बाजूनं होती! पण तिथं पहिल्या चाळीस चालींना वाढीव सेकंद मिळत नाहीत, पुढं मिळतात ते चालीमागं दहाच. शेवटी दोघंही त्या सेकंदांवर खेळत होते आणि चूक कार्लसनकडून झाली. त्यानं टेबलावर मूठ आपटली ती आपल्या वर्तमानपत्रांतही आली. पट्टी बघणाऱ्याला तो चमत्कार वाटला. घड्याळ बघणाऱ्याला तेवढा वाटला नसावा.

माझ्याकडं शिकायला येणाऱ्या पोरांना मी एकच प्रश्न देते, तोच आप्पांना द्या. कुणी विचारात पडला की समालोचकाचा आवाज बंद करायचा आणि विचारायचं: दोघांच्या मोहऱ्यांत सगळ्यात बेकार बसलेला मोहरा कोणता? मग आवाज चालू करायचा. निम्म्या वेळा समालोचक त्याच मोहऱ्याबद्दल बोलत असतो. आठ चालींचा बाण कळायची गरज नाही, तो बाण कुणाला सोडवायला निघालाय एवढं कळलं तरी पुष्कळ.

---

सात रस्ता

काय बे साखरपेठकर, तू इथं हायस होय! गड्ड्याला भेटलो तेव्हा बोलला नाहीस. नेदरलँड्सची वाइक आन झीची स्पर्धा चालू आहे, रोज साडेसहाला. शेवटची फेरी मात्र दोन तास आधी, साडेचारला असते, ती चुकवू नको. मागं २०२५ ला मी चुकवली. गुकेश आणि प्रज्ञानंद दोघं बरोबरीनं पुढं होते आणि दोघंही शेवटचा डाव हरले, एक अर्जुनकडून, दुसरा कायमरकडून. मी सहा वाजता आंघोळ करून, शेंगाचटणी-भाकरी घेऊन आरामात बसलो तर निम्मी गंमत होऊन गेलेली. प्रज्ञानंद पहिला ब्लिट्झ (झटपट) डाव हरून मग टायब्रेक जिंकला तेवढं हाती लागलं.

आप्पांना नमस्कार सांग. त्यांनी लहानपणी मला देशी नियमांनी लई हरवलंय. राजानं घोड्याची उडी मारली की मी रडायचो.

---

साखरपेठकर

सगळ्यांचे आभार. चार दिवसांचा अहवाल देतो.

अडीचघर, पट मांडला. जुनाच, मेणकापडाचा. एक काळा घोडा हरवलाय, त्याच्या जागी बॉबिनचा तुकडा ठेवतो.

ताई, तुमचा प्रश्न लागू पडला. डिंगच्या उंटाचं आप्पांना मांडून दाखवलं. बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "हूक अडकलाय. एक हूक अडकला की सगळ्या चादरीत रेघ." (मागावर उभा धागा उचलतो तो हूक.) आता समालोचक काही बोलायच्या आत ते काठीनं पडद्याकडं दाखवतात, "तो घोडा बघ, काठावर बसलाय, हूक अडकलाय." मी आवाज चालू करतो. निम्म्या वेळा म्हणालात ना, आप्पांचं तीनांत दोन तरी येतं. परवा तर त्यांनी एक उंट दाखवला, समालोचकानं पाच मिनिटं दुसऱ्याच हत्तीचं पुराण लावलं आणि मग त्याच उंटावर आला. आप्पांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, नुसती तंबाखू मळली.

मी बायकोला म्हणालो, म्हातारा ग्रँडमास्टर निघाला. काल मात्र पकडलं. मधल्या खेळात मी विचारलं, कोण बरा वाटतोय? ते पटाकडं न बघता टीव्हीच्या डाव्या कडेकडं बघत म्हणाले, "पांढरा. जरासाच." मी उठून जवळ गेलो. पट्टी खालून पांढरी असते, वरून काळी. आणि कार्डाला भोकं आहेत. कितव्या भोकापर्यंत उजेड येतोय ते मोजत होते.

दुसरं कार्ड उलटं करून त्यावर लावायला गेलो तर म्हणाले, राहू दे, काचेला डाग पडतात.