जंपर, जुंपणे आणि कासरा

प्रश्न : रेल्वेवरच्या एका लेखाचं भाषांतर करते आहे. दोन-तीन डिझेल इंजिनं एकत्र जोडून एकाच चालकाने चालवायची, तर त्यांच्यामध्ये 'मल्टिपल युनिट जंपर केबल' लावतात. 'बहुविध घटक उडी-तार' असं लिहिलं आणि माझंच मला हसू आलं. 'जोडतार' चालेल? आणि हा जंपर आपल्या 'जुंपणे'वरून तर नाही ना आला?

उत्तर : नाही, 'जुंपणे' हे 'जू'चं पोर, जंपर इंग्रजी उडीचा. (आजीच्या अंगातला जंपर आणखी तिसराच.) पण बैलजोडी इथे उपयोगी पडते. इंजिनांना जुंपतो तो कपलर. ओढ सगळी त्याच्यावर. जंपर म्हणजे कासरा, त्यातून नुसता हुकूम जातो. 'जोडतार' म्हटलं तर वाचणाऱ्याला इंजिनं तारेनं बांधल्यासारखी वाटतील. जंपरच ठेवा.

'बहुविध' मात्र काढाच. त्याचा अर्थ अनेक प्रकारचे, आणि इथे प्रश्न संख्येचा आहे. फ्रँक स्प्रेगने 1897 च्या सुमारास शिकागोच्या उन्नत रेल्वेसाठी ही पद्धत बसवली ती मोटर असलेल्या डब्यांकरता. एका जागेवरून सगळ्या डब्यांच्या मोटरी चालायच्या. इंजिनांकडे ती नंतर आली. मी 'सहनियंत्रण' लिहीन.

प्रश्न : लेखात 27 पिनांचा प्लग आणि 74 व्होल्ट आहेत, म्हणजे अमेरिकी पद्धत. थ्रॉटलचे (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या दांड्याचे) आठ टप्पे आहेत, पण 'वेगाची तार' कुठली ते कळेना.

उत्तर : तशी एक तार नसतेच. ए, बी, सी, डी अशा चार तारा असतात आणि त्यातल्या कोणत्या जिवंत आहेत यावरून प्रत्येक इंजिनाचा गव्हर्नर, म्हणजे वेग सांभाळणारा भाग, टप्पा ओळखतो. ए, बी, सी मिळून आठवा टप्पा. पहिल्या टप्प्याला चारही मुक्या. एकटी डी जिवंत झाली की इंजिन बंद! तेव्हा 'वेगाच्या तारा' असं अनेकवचन हवं.

'फॉरवर्ड'लाही जपा. इंजिनं पाठीला पाठ लावून उभी असली तर एकाचं पुढे ते दुसऱ्याचं मागे, म्हणून 'पुढे' आणि 'मागे' या हुकमांच्या दोन तारांची वाटेत अदलाबदल केलेली असते. तिथे 'पुढे' म्हणजे चालक बसलेल्या इंजिनाचं पुढे, हे वाक्यातच येऊ द्या.

प्रश्न : आणि 'डबल हेडिंग', एकाच गाडीला पुढे दोन इंजिनं? तेही सहनियंत्रणच ना?

उत्तर : नाही, तिथे प्रत्येक इंजिनावर वेगळा चालक. जू एक, कासरे दोन.