द ट्रबल विथ एंजल्स: शेवट उगाच नाही
नन चालवत असलेल्या शाळेतल्या खोडकर मेरीच्या या सिनेमाच्या डीव्हीडीत नुसता सिनेमा कोंबलाय, जोडीला काहीच नाही, ही एका परीक्षणातली तक्रार मान्य. पण 'मेरीचं शेवटी नन व्हायचं ठरवणं ओढूनताणून वाटतं' हे त्यातलं म्हणणं काही पटलं नाही. साखरेच्या भांड्यात साबणाची पूड, मेरीच्या नात्यातल्या मार्व्हल-ॲनच्या तोंडावर घट्ट बसलेलं प्लास्टर, अशा खोड्यांवर हसता हसता मधल्या शांत जागा निसटतात. शाळेतली नन सिस्टर लिगुओरी वारते तेव्हा ननांची प्रमुख मदर सुपिरियर (रोझलिंड रसेल) शवपेटीपाशी एकटी रडते आणि मेरी ते लपून बघते. माझ्या मते तिथेच सगळं ठरतं.

आणि दिग्दर्शन अभिनेत्री-दिग्दर्शिका आयडा ल्युपिनोचं आहे, हे कोणीच कसं लिहिलं नाही? १९५३ नंतर थेट १९६६ मध्ये तिने दिग्दर्शित केलेला मोठ्या पडद्यावरचा सिनेमा आला, तो हा; मधली वर्षं टीव्ही मालिकांत गेली. दिग्दर्शिका म्हणून मोठ्या पडद्यावरचा हाच तिचा शेवटचा. त्यावर दहा मिनिटं तरी द्यायची होती डीव्हीडीत!