बँकॉकच्या आंतरराष्ट्रीय शाळेतून सांगलीत परतायचे, तर आठवीनंतर की बारावीनंतर?

नमस्कार. आम्ही मूळचे सांगलीचे, विश्रामबागेत आमचे घर आहे, आणि यजमानांच्या नोकरीमुळे गेली चार वर्षे बँकॉकला राहतो. दोन्ही मुले तिथे आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळेत जातात. मुलगी आठवीत, म्हणजे एमवायपीच्या (आयबीचा सहावी ते दहावीचा टप्पा) तिसऱ्या वर्षात आहे. मुलगा पीवायपीच्या, म्हणजे प्राथमिक टप्प्याच्या, चौथीत. कंपनी करार वाढवायला तयार आहे, परंतु आमचा निर्णय दिवाळीपर्यंत कळवायचा आहे, म्हणून या वाटेने गेलेल्या पालकांचा सल्ला हवा आहे.

मुले तिथे रमली नसती, तर आम्ही एव्हाना सामान बांधायला घेतले असते. सांगलीत असताना थोरलीच्या प्रगतिपुस्तकावर दरवर्षी ‘हुशार आहे, पण वर्गात बोलत नाही’ असा शेरा ठरलेला असे. तिथल्या पालकभेटीत तिने स्वतःच आपली फाइल उघडली, गणितात सातपैकी चारच श्रेणी का मिळाली आणि पुढच्या सत्रात ती काय करणार आहे हे आम्हाला समजावून सांगितले, आणि वर्गशिक्षिका तोवर बाजूला गप्प बसून होत्या. आम्ही दोघे मात्र परीक्षा आपलीच असल्यासारखे अवघडून बसलो होतो.

धाकट्याच्या वर्गात गेल्या ऑगस्टमध्ये पाण्यावरचा घटक होता. तो रोज संध्याकाळी सांगलीला आजोबांना फोन करून आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी विचारायचा आणि ती आलेखावर मांडायचा. 40 फुटांच्या इशारा पातळीवर पिवळी रेघ, 45 फुटांच्या धोका पातळीवर तांबडी. शेजारी त्याने 2011 च्या महापुरात बुडालेल्या थायलंडचे छायाचित्र चिकटवले होते. आमच्या 2019 च्या पुराची हकिगत ऐकून वर्गातल्या एका डच मुलाने, मग तुम्ही बांध का घालत नाही, असे विचारले. तो प्रश्न आजोबांपर्यंत पोहोचला आहे, उत्तर अजून आलेले नाही.

हाच मुलगा जुलैच्या सुटीत सांगलीला आला, तेव्हा आजोबांनी त्याच्यापुढे कोयनेच्या विसर्गाची बातमी धरली, आणि तो ‘विसर्ग’ शब्दातल्या रफारावरच अडला. बोलतो तो अस्खलित, अगदी ‘काय करालाय’सुद्धा म्हणतो, पण वाचन दुसरीतल्या मुलाइतकेच आहे. शाळेत थाई भाषेचे तास आहेत, मराठी अर्थातच नाही, आणि घरी शिकवण्यात मी कमी पडले हे मान्य करते.

त्याच सुटीत सांगलीतील दोन शाळांत चौकशी केली. एका ठिकाणी थोरलीचा निकाल पाहून कार्यालयातील गृहस्थांनी टक्के किती ते विचारले. प्रत्येक विषयाचे चार निकष असतात, प्रत्येकाला आठपैकी गुण देतात आणि त्या बत्तीसांवरून एक ते सात अशी श्रेणी ठरते, असे मी सांगत होते, तोवर त्यांनी गणकयंत्रावर पाचाला सातने भागून ‘एकाहत्तर’ असे लिहूनही टाकले होते. दुसऱ्या, सीबीएसईच्या शाळेने, वर्ग एप्रिलमध्ये सुरू होतात, तुमचे वर्ष जूनमध्ये संपते, मधले दोन महिने कसे भरून काढणार, असे विचारले, आणि ते रास्तच होते. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यास सुरू होत असल्याने तिथे हा पेच पडत नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे आमच्यापुढे दोनच वाटा उरतात. सीबीएसईत नववी-दहावी हा सलग दोन वर्षांचा अभ्यासक्रम असल्यामुळे परतायचे तर नववीच्या आरंभी परतावे. दहावी करून आल्यास पंचाईत अशी, की एमवायपीच्या अखेरची बाह्य परीक्षा ऐच्छिक असते आणि आमची शाळा ती घेत नाही. तेव्हा अकरावीच्या केंद्रीय ऑनलाइन प्रवेशात तिने कोणते गुण भरायचे? नाहीतर थेट आयबीचा डिप्लोमा, म्हणजे अकरावी-बारावीचा टप्पा, पूर्ण करूनच यावे. भारतीय विद्यापीठ संघ तो बारावीशी समकक्ष मानतो, मात्र त्याचा निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागतो आणि तोवर इकडच्या प्रवेशांची धावपळ सुरू झालेली असते.

नववीत आल्यास मराठीचा प्रश्न आहेच, कारण 2020 च्या कायद्याने महाराष्ट्रातील सर्व मंडळांच्या शाळांत दहावीपर्यंत मराठी सक्तीची आहे. बाहेरून आलेल्या मुलांना मूल्यमापनात काही सवलत मिळते का, आणि मिळत असल्यास अर्ज शाळेकडे करायचा की शिक्षणाधिकाऱ्यांकडे, याचा अनुभव कोणास असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

पुरवणी : फीविषयी विचारणा झाली म्हणून सांगते, सध्या ती कंपनी भरते, परतल्यावर भरणार नाही, त्यामुळे पुण्यातील आयबी शाळा आमच्या आवाक्याबाहेर आहे. सासूबाई पाचगणीच्या वसतिगृहाचा पर्याय सुचवतात, पण मुलांना घरी आणायचे म्हणून परतायचे आणि पुन्हा घाटावर नेऊन ठेवायचे, हे माझ्या मनाला पटत नाही.

थोरलीलाही विचारले आहे. तिने वहीत दोन रकाने पाडून आणले. ‘सांगली’खाली पहिली नोंद आजीची होती आणि दुसरी, ‘वर्गात प्रश्न विचारलेला चालतो का?’ सांगली-मिरजेत अलीकडे मुले शिकवलेल्या पालकांनी निदान या नोंदीचे उत्तर द्यावे, म्हणजे मला तिला काहीतरी सांगता येईल.